आवृत्ती १४.२ मधले बदल

रात्री दोन ते चार सेवा बंद राहील,
असं सगळ्यांना आधीच कळवलं होतं.
मे महिना. पारसोडी, चौथा मजला.
कूलरची मोटर मधूनच कण्हते,
वाळ्याला कालच्या पाण्याचा वास,
आणि खाली रस्त्याचं डांबर
अजून दुपार सोडून राहिलं.

ढग म्हणतात आमच्या डेटाबेसच्या घराला.
नागपुरात या दिवसांत मान वर करून बघा,
एक दिसायचा नाही.
आमचा आहे तो हैदराबादेत, कुलपात,
आणि त्याला आमच्यापेक्षा चांगला एसी.

उके म्हणाला, यादी तू लिही, तुझं मराठी बरं आहे.
लिहायला घेतली.

जोडणी दर तीस सेकंदांनी तुटायची. आता तुटणार नाही.

पहाटे साडेपाचच्या आत भरलेले पैसे
आदल्या दिवशी जमा दिसत. ते थांबवलं.
याची तक्रार मात्र कुणीच केली नव्हती.

बॅकअप निघत होता, परत येत नव्हता. आता येतो.
ही ओळ उकेनं खोडली.
मी पुन्हा घातली.

ऱ यापुढे एकच धरला जाईल.

ही शेवटची ओळ डोमाजी वऱ्हाड्यांची.
विणकर पतसंस्था, गोळीबार चौक,
सभासद क्रमांक चारशे सात.
फेब्रुवारीपासून दर सोमवारी फोन, अकराच्या ठोक्याला:
"मॅडम, मी पैसे भरून राहिलो
अन् तुमची मशीन मले नोटिसा धाडून राहिली. काऊन?"

पडद्यावर दोन्ही नावं एकाखाली एक लावली.
वऱ्हाडे.
वऱ्हाडे.
काना, मात्रा, पापणीसारखा तो अर्धा र,
सगळं तंतोतंत. भिंग लावून बघा, फरक नाही.
उकेनं अक्षरांच्या आत उतरून पाहिलं तेव्हा कळलं:
एका कारकुनानं एका कळीत ऱ काढला होता,
दुसऱ्यानं साधा र काढून खाली नुक्ता दिला होता.
('दुसऱ्या' लिहायलाही हाच ऱ लागतो,
हे मला आत्ता लिहिताना दिसलं.)

माणूस आकार वाचतो.
यंत्र आकडे मोजतं,
आणि त्याच्या मोजणीत हे दोन डोमाजी होते.
एक दर महिन्याला साडेसातशे रुपये भरायचा.
दुसरा तेच साडेसातशे बुडवायचा
आणि त्याला दंड लागायचा.
दोघांची गाठ कधी पडली नाही,
राहायला मात्र एकाच खोलीत, एकाच हातमागापाशी.

तीन वाजून सतरा मिनिटांनी आज्ञा दिली.
खाली उमटलं: दोन नोंदी एकत्र.
उकेनं टेबलावर बोटं वाजवली.
मी पाणी प्याले. कोमटच होतं.
पाचला चौकातली गाडी लागली,
तर्री इतकी लाल की डोळे आपोआप उघडले,
आणि आम्ही दोघंही कामाचं काही बोललो नाही.

सोमवारी अकराला फोन.
"दंड निघाला म्हणते पतसंस्थावाली. म्हणजे आता मी एकच आहो?"
हो, काका.
"मंग कोणता ठेवला?"

हे कुणी विचारेल असं
चाचणीच्या कुठल्याच कागदात नव्हतं.
पाहिलं. जुना क्रमांक राहतो, नवा त्याच्यात विरतो,
असा नियम. आम्हीच लिहिलेला.
जुना ठेवला, म्हटलं. कर्जाचा. दोन हजार नऊचा.

पलीकडे मागाचा खटका. एकदा, दोनदा.
"बरं केलं," म्हणाले.
"जुन्याले जामीन माहा भाऊ किसना होता.
नव्याले कोणीच नव्हतं."

यादी बाहेर गेली तेव्हा तळाला एक ओळ होती,
ती उकेनं खोडली नाही:

माहीत असलेली त्रुटी. क्रम लावताना ळ अजून ल ला चिकटून उभा राहतो.
त्याची जागा ह च्या पुढे आहे.
पुढच्या आवृत्तीत सांगू त्याला.